उरलेली झाडं मीच मोजणार

प्रिय आई,
तुझ्या हट्टी लेकीचा दवाखान्यातून नमस्कार. मी ठणठणीत आहे, रडत बसू नकोस.

जंगलात झाडं मोजायला निघाले होते, तर वाटेत नदीत होडी उलटली. सगळं सामान वाहून गेलं. हाती उरलं एक पातेलं, चाकू आणि खिशातला लायटर. पाणी उकळून प्यायले, फांद्यांचा आडोसा केला आणि नदीच्या काठाकाठाने चालत लाकूडतोड्यांच्या तळावर पोहोचले. इथल्या बर्फाळ थंडीने डाव्या पायाची दोन बोटं गेली. बाबांना इतक्यात सांगू नकोस. त्यांचं ब्लडप्रेशर कसं आहे?

काल साहेब भेटायला आले. म्हणाले, "आता ऑफिसातच बसा. बाईमाणसाला जंगल झेपत नाही."

मी म्हटलं, "मला शोधायला निघालेलेच वाट चुकले, साहेब. मी माझ्या पायांनी आले. उरलेली झाडं मीच मोजणार."

आता तूही "घरी ये, लग्न कर" सुरू करशील. खुशाल कर. तिथे जंगलात गारठून डोळे मिटायला लागले, की मी तुझ्याशीच मोठमोठ्याने भांडायचे. झोपले असते तर संपलेच असते. पण तुझ्यापुढे हार मानायची नव्हती, म्हणून जागी राहिले.

वादाला कायम तयार असलेली,
तुझी धाकटी