राघूचं उष्टं

११ मार्च १९३४

आलं एकदाचं ते ध्यान! बुधा ठाकर सकाळी टोपलीत घालून घेऊन आला. तुंगार्लीच्या वरच्या रानात सावरीच्या झाडाच्या ढोलीत सापडलं म्हणे. पोपट म्हणून आणलंय, पण दिसतं सोललेल्या रताळ्यासारखं. अंगावर पीस नाही, डोळे धड उघडलेले नाहीत, मान सारखी लटलट हलते. मला तर शिसारीच आली.

सासूबाईंनी मात्र पदरात घेतलं. सगूला चार वर्षं होत आली, तोंडातून अजून एक शब्द नाही. 'आई'सुद्धा नाही. नवस झाले, अंगारे झाले, जिभेला वेखंड घासून झालं. आता हे — बोलक्या राघूचं उष्टं खाल्लं की मूल बोलायला लागतं. "आमच्याकडं समदी करत्यात," म्हणाल्या. वर नेहमीचं आहेच — "गिराणात इळी हातात धरलीस, तवाच सांगितलं हुतं." ग्रहणात मी विळी धरली नव्हती. शंभरदा सांगितलं. पण आता मलाच शंका येते, धरली होती की काय!

नाही म्हणायची सोय नाही. उद्या पोरगी मुकी राहिली तर जन्मभर ऐकावं लागेल. आणि खरं लिहायचं तर मलाही आशा आहे. बोलू दे कशानंही, उष्ट्यानं तर उष्ट्यानं.

बुधा जाताना म्हणाला, "लय बोलंल, वैनी. खांद्याला लाल डाग येनारी जात हाय." आधी जगू तर दे म्हणावं.

१५ मार्च

डाळ भिजवा, वाटा, बोटाच्या टोकावर घेऊन भरवा. की पुन्हा आ वासून हजर! चुलीवर भाकरी आणि मांडीवर हे. सगूच्या वेळी बाळंतपणातही इतकी दमले नव्हते.

२ एप्रिल

चावला! अंगठ्याच्या मुळाशी. रक्त आलं. पीठ मळताना झोंबतंय. सगूला हसू फुटलं.

२० एप्रिल

पिसं आली. हिरवागार दिसतो, खांद्याला लाल डागही उमटलाय. दिसायला देखणा आहे, त्याबद्दल वाद नाही.

बांबूचा पिंजरा आणला होता, तो आतून कुरतडून महाराज बाहेर! भिंतीवरच्या फळीची कड खाल्ली, ह्यांच्या रेल्वेच्या कोटाचं बटण खाल्लं, या वहीचा कोपरा खाल्ला. शेवटी ह्यांनी ओळखीच्या लोहाराकडून तारेचा पिंजरा करून घेतला. तो खिडकीशी टांगलाय. आता त्याच्याखालची जमीन दिवसातून कितीदा सारवायची ते विचारू नये.

सगू पिंजऱ्याशी तासन् तास बसते. मला चावणारा हा प्राणी तिच्या हातून मात्र शेंगदाणा कसा अलगद घेतो!

१९ मे

सगळी चाळ राघूला बोलायला शिकवते आहे. शेजारच्या नंदाबाई येऊन "विठू विठू" करतात. हे ड्यूटीवरून आले की "रामराम घे, रामराम घे." सासूबाई "आई म्हन रं, आई." राघू बोलल्याशिवाय त्याचं उष्टं उपयोगाचं नाही ना! तो मान वाकडी करून ऐकून घेतो आणि मग कानठळ्या बसतील असा किंचाळतो.

मी सगूला जवळ घेऊन "आई" म्हणते. ती माझे ओठ बघते, मग बोटानं चाचपते. मग निघून जाते.

१७ जून

ह्यांची रात्रपाळी. पॉइंट्समनचं, गाड्यांचे रूळ बदलायचं काम, झोप नाही झाली तर जीव जायचा कोणाचा तरी. सकाळी घरी येऊन पडले आणि राघूची सनई सुरू. वर कांबळं टाकलं, तरी चालूच. हे उठून ओरडले, "मान मुरगाळतो बघ त्याची!" सासूबाई पिंजऱ्यापुढे आडव्या. मी मध्ये. सगू पिंजऱ्याखाली शांतपणे खडे मांडत बसलेली.

हट्टी आहे. हाक मारली तर वळून बघणार नाही. आपल्याच नादात. पण कान तिखट आहेत पोरीचे! गाडी खंडाळ्याच्या बाजूनं अजून दिसतही नसते, आणि ही पळत जाऊन खिडकीचे गज धरते. शिट्टी आम्हाला मागाहून ऐकू येते. चाळीत सगळे कौतुक करतात. म्हणजे ऐकू येतं, अक्कल आहे, मग बोलायलाच काय धाड भरलीय?

२२ जुलै

पाऊस, पाऊस, पाऊस. लुगडी वाळत नाहीत. पिंजरा घरात, वास घरात. कंटाळा आला.

९ सप्टेंबर

नंदाबाई म्हणतात, "आमाला बी एक सांगा की बुधाला. घरात शोभा येती." हात धरून खाली बसवलं त्यांना. म्हटलं, अहो बाई, ऐका. शोभा हवी तर कॅलेंडर टांगा. राघू म्हणजे तान्हं मूल, जे कधी मोठं होत नाही. पंचवीस-तीस वर्षं जगतो म्हणतात — तुम्ही-आम्ही म्हाताऱ्या होऊ, हा तसाच ओरडत बसेल. त्याला एकटं ठेवलं की स्वतःचीच पिसं उपटतो. मी दोन दिवस माहेरी तळेगावला गेले होते, सगूला घेऊन, तर छातीवर टक्कल पाडून बसला होता! एका माणसाला धरतो, बाकीच्यांना चावतो, आणि कोणाला धरायचं ते तो ठरवतो. बोक्यापासून राखायचं ते वेगळंच. चुलीचा धूर कोंडला की शिंकतो. आणि सोडून द्यावा म्हटलं तर तेही पाप, हातानं भरवलेल्याला रानात दाणा शोधता येत नाही. एवढं करून बोलेलच असं नाही.

बाई म्हणाल्या, "मंग तुमी का आनलासा?"

सगूकडे बघितलं मी. त्यांना कळलं.

२८ ऑक्टोबर

राघू बोलला!!

मी मोरीत भांडी घासत होते. मागून हाक आली, "सगेऽऽ! ए सगेऽऽ!" अगदी माझा आवाज, माझाच त्रासलेला सूर! क्षणभर वाटलं मीच बोलले. सासूबाई धावत आल्या, डोळ्यांना धारा. नंदाबाईंनी साखर वाटली. विठू नाही, रामराम नाही — दिवसभर या घरात जे ओरडलं जातं तेच शिकला.

पेरू आणला. अर्धा राघूनं टोचला, उरलेला सगूला भरवला. सासूबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली. आज मला छान वाटलं. किती दिवसांनी!

३१ ऑक्टोबर

आजच लिहून ठेवते.

दुपारी सगू पिंजऱ्याला पाठ लावून बसली होती. राघू तिच्या डोक्यामागे, वीतभरावर. "सगेऽऽ! ए सगेऽऽ!" आतल्या खोलीतून सासूबाई आल्या. दारातून नंदाबाईंनी डोकावलं. हे झोपेतून उठले. सगळे वळले. जिची हाक तीच वळली नाही!

मी पितळी घेऊन तिच्या मागे आपटली. नाही. पुन्हा आपटली. नाही. मग गाडी आली. तिनं जमिनीला तळहात लावला आणि उठून खिडकीकडे पळाली. जमिनीला तळहात लावला! जमीन हादरते, ते तिला कळतं. चार वर्षं आम्ही तिच्या कानांचं कौतुक करत होतो.

आम्ही तिला हट्टी म्हणत होतो. मी दोनदा मारलंय, हाकेला ओ देत नाही म्हणून.

६ नोव्हेंबर

सगूला रेल्वेच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कानाशी लोखंडी चिमटा वाजवला, मागे उभं राहून टाळी वाजवली, दिवा दाखवून कानात बघितलं. मग ह्यांच्याकडे न बघता म्हणाले, "जन्मापासून. औषध नाही." मी विचारलं, ग्रहणामुळे होतं का? "ग्रहणाचा काही संबंध नाही बाई. घराण्यात कोणी आहे का असं?" हे म्हणाले, नाही. लगेच म्हणाले.

येताना हे झपाझप पुढे, मी मागे. सगू ह्यांच्या खांद्यावर, आगगाडी बघून खूश.

८ नोव्हेंबर

सासूबाईंना काल सांगितलं. वाटलं, पुन्हा विळी निघणार. निघाली नाही. रात्री जेवल्या नाहीत.

आज सकाळी त्या सगूपुढे जाऊन बसल्या. तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. अंगठा ओठाशी नेला — पाणी. पाच बोटं जुळवून तोंडाकडे — जेवण. मिशीवरून बोट — बाप. तर्जनी वाकडी करून चोच — राघू. हात कसे भराभर चालत होते! जात्यावर ओव्या म्हणाव्यात तसे, न थांबता. सगू आधी बघत राहिली. मग तिनं बोट वाकडं केलं. पिंजऱ्याकडे दाखवलं. आणि अशी हसली!

मग सासूबाईंनी कपाळाला कुंकवाचं बोट टेकवलं आणि माझ्याकडे दाखवलं. सगूनं कपाळाला बोट टेकवलं. माझ्याकडे दाखवलं.

मी मोरीत जाऊन रडले.

९ नोव्हेंबर

काल डोकं चालत नव्हतं. आज सासूबाईंना विचारलं. "आत्या, हे हात तुम्हाला कोणी शिकवले?"

त्या तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवलं. "माझ्या अंबीनं."

कोण अंबी? नाणे मावळात त्यांच्या भावाकडे, लग्नानंतर आम्ही जेवायला गेलो होतो, तिथं गोठ्यात शेण काढणारी एक बाई होती. मान वर करत नव्हती. मी विचारलं होतं, ही कोण? म्हणाले, कामाची बाई. ती कामाची बाई नाही. ती ह्यांची थोरली बहीण. सख्खी. ऐकू येत नाही, बोलता येत नाही.

"तिला बी उष्टं दिलं हुतं गं. गुन न्हाई आला. पन तिला ऐकूच येत न्हवतं, तर गुन कसा येनार? ही सगू तर रेल आली का पळायची. मला वाटलं, हिला येतंय. माझ्या अंबीवानी न्हाई ही. देवाच्यान, मला तसंच वाटलं." आणि पदरात तोंड घालून जे रडल्या!

मी उठले नाही. डोळे पुसले नाहीत त्यांचे. चार वर्षं मी माझ्या पोटाला दोष दिला.

१० नोव्हेंबर

ह्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

"व्हय."

"डॉक्टरांना नाही म्हणालात."

"आईनं शपत घातली हुती. घरात मुकी हाय म्हटल्यावर माजं लगीन जमंना. मामा म्हनाला, माज्याकडं राहू दे, गोठ्याला मानूस हुईल." मग खाली बघून, "मला पाठीवर घेऊन फिरायची ती. लहानपनी."

हवं ते बोलले मी त्यांना. सगळं. खालमानेनं ऐकून घेतलं. राघूही त्यात ओरडत होता, पण आज कोणी त्याच्यावर कांबळं टाकलं नाही.

१३ नोव्हेंबर

तीन दिवस कोणाशी बोलले नाही. सगू मात्र माझ्यामागे मागे हिंडते. पाणी दाखवते, राघू दाखवते, आणि मग तिचे हात थांबतात. पुढे काय करायचं तिला माहीत नाही. सासूबाईंनाही आता पुष्कळसं आठवत नाही. मला तर काहीच येत नाही.

माझा राग गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही. पण दुपारी सासूबाईंपुढे भाकरी ठेवली आणि म्हटलं, "आणा त्यांना इथं."

"कुनाला?"

"माझ्या वन्संना. गोठ्याला दुसरं माणूस बघू दे मामांना."

त्यांनी मोडलेला घास परत ठेवला. "चाळीत लोक काय म्हनतील?"

म्हटलं, म्हणू दे. एवढा राघू सहन केला चाळीनं.

२ डिसेंबर

हे जाऊन अंबूवन्संना घेऊन आले, कामशेतवरून पॅसेंजरनं. दारात उभ्या, पदर कपाळाखाली ओढलेला, आत यायला तयार नाहीत. सगू पुढे गेली आणि बोट वाकडं करून त्यांना चोच दाखवली. त्यांनी पदर मागे सारला.

संध्याकाळपासून दोघी पिंजऱ्याखाली बसल्यात. हात थांबत नाहीत. मला एक अक्षर कळत नाही. मध्येच सगूनं कपाळाला बोट टेकवलं, माझ्याकडे दाखवलं, आणि थप्पड बसल्यासारखा गाल चोळला. वन्संनी माझ्याकडे डोळे वटारून बघितलं.

माझी चहाडी सांगत होती!