शेजारच्या पेशी

३ मार्च
लागली एकदाची नोकरी! एकतिसाव्या वर्षी का होईना, स्वतःचं टेबल मिळालं. प्रयोगशाळा म्हातारपणावर काम करते. पेशी ठरावीक वेळा विभागली की थांबते, पण मरत नाही. नुसती बसून राहते, काहीबाही स्रवते आणि शेजारणींनाही म्हातारं करते. लेकीला सांगितलं तर म्हणाली, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काकू. सात वर्षांची आहे, जीभ मात्र माझ्यावर गेलीय.

इथला एक रिवाज आहे. नव्या माणसाने आपल्या दंडाच्या त्वचेचा कण द्यायचा आणि त्यातून वाढवलेल्या पेशींवर हात बसवायचा. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी तो घेताना माझ्याकडे पाहिलंही नाही. शेजारच्या टेबलावर एक आजोबा आहेत. कागद हातभर लांब धरून वाचतात, बोलत नाहीत. बाकीच्यांच्या खुर्च्या आमच्यापासून जरा लांबच असतात.

११ मार्च
माझ्या पेशी वाढेनात. बाईंनी सगळ्यांसमोर सुनावलं, की तुमच्यासारख्याच सुस्त आहेत. अंगाचा तिळपापड झाला. आजोबांच्या पेशी ज्यात वाढतात ते वापरलेलं पातळ खाद्य ओतून टाकायचं काम माझ्याकडे आहे. त्यातलं थोडं गाळून माझ्या पेशींच्या बशीत मिसळलं. जुन्या खाद्यात पेशी जोम धरतात, कॉलेजात आम्ही सर्रास करायचो. कुणाला सांगितलं नाही.

१९ मार्च
चाचणीत म्हाताऱ्या पेशी निळ्या दिसतात. माझी बशी अख्खी निळी झाली. बाईंना खरं काय ते सांगून टाकलं. वाटलं, हाकलतील. पण त्या हसल्या. आजोबांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "यानंही हेच केलं होतं."

दंडावरची खपली निळसर दिसतेय.

२२ मार्च
कारकुनाकडे आजोबांचा अर्ज पाहिला. जन्मसाल माझंच आहे.

त्यांना विचारलं, मला आधी का नाही सांगितलं? पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. "एकट्यानं बसून कंटाळा आला होता."

गुडघे धरलेत. औषधाच्या पाकिटावरची अक्षरं हात लांब केल्याशिवाय लागत नाहीत.

२५ मार्च
शाळेच्या दारात लेकीच्या नव्या शिक्षिकेने मला विचारलं, आज आई नाही आली का, आजी? लेक फिदीफिदी हसली. मी घरी येऊन रडले.

ती रोज माझ्या कुशीत झोपते. शेजारच्या पेशी— आजपासून तिला वेगळी खोली. नवरा म्हणतो, कामाचं खूळ डोक्यात गेलंय. याला माझे पांढरे झालेले केस दिसत नाहीत?

२७ मार्च
राजीनामा दिला. बाईंनी तो बाजूला सारला. म्हणाल्या, "आणि मुलीच्या दंडाचा कण आणा. तुलनेला लागेल."

कागद तोंडावर फेकून आले. जिन्यात दोनदा बसावं लागलं. माझं जे व्हायचं ते होवो, तिला मात्र—

२८ मार्च
मी दार लावून घेतलंय. लेक बाहेरून थापा मारतेय, रडतेय. उघडणार नाही. आई ना मी तिची— म्हणूनच—

२९ मार्च
थापा थांबल्या. फटीतून पाहिलं. समोर भिंतीला टेकून बसलीय, मांडीवर गोष्टीचं पुस्तक. शहाणं माझं बाळ. वाचतेय.

नाही. डोळे बारीक करतेय. पुस्तक उचललं. हात लांब केला—

अजून लांब—