वजिरापुढचं प्यादं

४ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. दुकान शेवटी बंद केलं. हात कापतात, घड्याळं दुसऱ्यांनी दुरुस्त करावीत. दिवसभर पायात पायात करू नका, असं तुझी वहिनी म्हणते, म्हणून पट मांडलाय. एका पत्रात एक चाल. पांढरं माझं, थोरला म्हणून. वजिरापुढचं प्यादं दोन घरं. आता तू नेहमीसारखा घोडा उधळ.
तुझा दादा

१२ मार्च
ती. दादास,
सा. न. वि. वि. उधळला घोडा, राजाकडचा. पुस्तकं बांधता बांधता बोटांना खळ लागलीय, म्हणून अक्षर हे असं. वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा लोभ पटावर दाखवू नकोस म्हणजे झालं.
धाकटा

१० जून
ती. दादास,
सा. न. वि. वि. सहा चाली झाल्या, तुझा उंट माझ्या तावडीत आला आणि आता तू लिहितोस, वजिरापुढचं प्यादं दोन घरं! ते मार्चपासून तिथेच उभं आहे. हा शुद्ध रडीचा डाव. लहानपणीही हरायला आलास की पट उधळायचास. थोरला म्हणून किती सोसायचं?
धाकटा

१८ जून
चि. भाऊजींना,
अनेक आशीर्वाद. ह्यांनी मुद्दाम नाही केलं. डाव कुठवर आला ते आठवत नाही, रोज सकाळी पट नव्याने मांडतात. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलंय, मला लिहवत नाही. तुमचं पत्र वाचून दोन दिवस धड जेवले नाहीत. मी रडी खेळलो का गं, असं विचारत राहिले. आता तेही विसरलेत. तुम्ही लिहीत राहा.
वहिनी

२५ जून
ती. दादास,
सा. न. वि. वि. चूक माझीच. नवा डाव घेऊ. घोडा, राजाकडचा. वहिनी, ते प्यादं जितक्या वेळा येईल तितक्या वेळा मी घोडा काढीन. माझी मलाच लाज वाटते.
धाकटा

९ नोव्हेंबर
रा. रा. पुस्तकबांधणीवाले यांना,
स. न. वि. वि. आपली ओळख नाही, पण आपण माझ्याशी पत्राने खेळता, असं बायको सांगते. कपाटात आपली बरीच पत्रं आहेत. प्रत्येकात घोडा. माझा धाकटा भाऊ अगदी असाच खेळायचा. मी कधीतरी रडी खेळून त्याला दुखावलं असावं, कारण त्याचं पत्र येत नाही. कुठे भेटलाच तर सांगा, तो डाव त्याचा. वजिरापुढचं प्यादं दोन घरं.
कळावे, ओळख ठेवावी.
आपला, एक घड्याळजी