अंदाजाबाहेरच्या दोघी

मुंबई, १२ जानेवारी १९८४

ती. दादास,

लताचा सप्रेम जयभीम. वि. वि. वहिनीच्या कुरडया पोचल्या आणि खोलीतल्या मैत्रिणींनी फस्तही केल्या.

नोकरीचं विचारलं होतंस. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतले किती कामगार पुढे कॅन्सरने जातील, याचा आम्ही अंदाज बांधतो. समोर नावं नसतात, फक्त वय आणि धुळीत काढलेली वर्षं. ही धूळ वीस-तीस वर्षं गप्प बसते, मग छातीत उठते. काल एक गट आला, तुझ्या वयाचा, तुझ्याइतकीच वर्षं झालेला. माझ्याने पुढे काम होईना. तुझ्याच पगारावर मी हे गणित शिकले, दादा.

शिवाय कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकाही यात सापडल्यात. वहिनी तुझा युनिफॉर्म दारात झटकते. मऊ लागते म्हणून तू आणलेली ॲस्बेस्टॉसची रिकामी गोणी तुमच्या छकुलीच्या गोधडीखाली असते. ती आजच ओली करून पुरून टाका. कामाचे कपडे घरी आणू नकोस, आणि गोण्या फोडायचं खातं सोड. हवं तर रागाव, पण ऐक.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी लता

नाशिक, २६ जानेवारी १९८४

चि. लतास अनेक आशीर्वाद.

आपल्यात भविष्य कोणी मानत नाही, आणि नेमकी आमचीच बहीण ज्योतिषी निघाली! खरं सांगतो, राग आला. तुझ्या भिमावहिनीने मात्र पत्र ऐकलं आणि उठून गोणी पुरली. मग छकुलीला मांडीवर घेऊन खूप रडली.

साहेबांनी खातं बदलायला नकार दिला. म्हणून सुटीच्या वेळी कपडे गेटवरच उतरवले आणि बनियन-लेंग्यावर सायकल हाणत अंबडहून घरी आलो. ही नाशिकची थंडी! कॉलनी पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी माझ्या खात्यातला केरूही तसाच निघाला. आता हसणारे कमी झालेत.

थंडीत कुडकुडणाऱ्या भावाची आठवण ठेव.

सावळीराम

नाशिक, ९ नोव्हेंबर १९८६

चि. लतास अनेक आशीर्वाद.

अखेर सगळी पाळीच गेटवर कपडे टाकू लागली, तेव्हा कारखान्याने कपाटं दिली आणि धुलाई तिथेच सुरू केली. मलाही स्टोअरमध्ये घेतलं.

एक्स-रेच्या फोटोत माझ्या फुफ्फुसावरचा पडदा जाड दिसतो. भिमाची आणि छकुलीची छाती स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणाले, पुढचं आज कोणी सांगू शकत नाही, पण धूळ लवकर थांबली हे फार चांगलं झालं.

तेव्हा तुझ्या अंदाजात मला खुशाल धर, जीव लहान करू नकोस. त्या धुळीत राबून मी तुला शिकवलं, आणि तू या दोघींना तिच्यातून बाहेर काढलंस. तुझे उपकार मानतो, लता. थोरल्याने धाकटीचे मानू नयेत असं कुठे आहे?

छकुली आत्ता माझा शर्ट अंगात घालून अंगणात हिंडते आहे. घाबरू नकोस, शर्ट घरातला आहे.

दिवाळी झाली तरी ये, तुझ्या वाटणीचं ठेवलं आहे.

तुझा दादा
सावळीराम