हेक्टरी एकशेवीस किलो नेत्र

४ जानेवारी
प्राचार्यांनी बोलावलं. कॉलेजचा संशोधन अंक यंदा मी काढायचा. भौतिक, रसायन, शेती, वाङ्मय, सगळं एका पुस्तकात. म्हणजे एका गोठ्यात चार जातींची जनावरं. वर, फाइल बंद करताकरता म्हणाले की नव्या संशोधन केंद्राला संचालक नेमायचाय, मार्चमध्ये बाहेरची समिती येईल, अंक चाळेल, मग बघू.
'मग बघू' म्हणजे ठरलं. अठरा वर्षं ओळखतो मी या माणसाला. त्याला थेट बोलता येत नाही.
येताना केंद्राची खोली पाहून आलो. स्वतंत्र कुलूप, दोन खिडक्या. टेबल डावीकडच्या खिडकीशी नको, पाठीवर ऊन येईल.
संकल्प: १) चिडायचं नाही. २) रोज सकाळी चालायला जायचं. ३) रसायनवालीला 'ॲसिडबाई' म्हणायचं नाही, मनातसुद्धा.

५ जानेवारी
ॲसिडबाई जिन्यात भेटली. (ही वही मनात धरायची की मनाबाहेर, हे अजून ठरलेलं नाही.) विचारत होती की सर, तुम्ही भाषेचे, आमचं काय संपादन करणार? मी म्हटलं, भाषा ज्याला कळते त्याला सगळं कळतं. ती हसली आणि वर गेली. हसण्यासारखं त्यात काय होतं यावर दिवसभर विचार केला. काही नव्हतं.
चालायला गेलो नाही. बूट आवळतात.

१९ जानेवारी
तीन लेख आले. चौथा माझा.
एक ॲसिडबाईचा, हवेतल्या धुळीवर. एक भौतिकवाल्याचा. हा बोलताना डावी-उजवीकडे झुलतो, म्हणून मी त्याला लंबक म्हणतो. त्याने काय तोललंय ते त्यालाच ठाऊक. आणि एक शेतीवाल्या ढेकळाचा. हे नावही माझंच. शेतातून थेट स्टाफरूममध्ये येतो, बुटाचा चिखल माझ्या खुर्चीखाली पडतो. चार वर्षं म्हणे गव्हाच्या दोन वाणांना वेगवेगळी खतं घालून बघत होता. चार वर्षं! मी चार वर्षांत दोन समीक्षाग्रंथ लिहिले असते. वेळ मिळाला असता तर.
ढेकळ लेख देताना म्हणाला की सर, आकडे तेवढे जपा, बढतीची सगळी भिस्त यावरच आहे. म्हणजे यालाही काहीतरी व्हायचंय. नाकापेक्षा मोती जड.

२१ जानेवारी
वाचायला घेतले. भयंकर. ढेकळाच्या एका पानात 'पाणी' हा शब्द एकोणीस वेळा. एकोणीस! पाण्याला मराठीत शब्दांचा दुष्काळ आहे का? जल, नीर, उदक, तोय, जीवन. पुनरुक्ती हा दोष आहे, हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवतो. लंबकाचंही तेच, 'वस्तुमान' म्हटलं की दहा ओळी वस्तुमानच. मधूनमधून 'वजन' घातलं. लगेच वाक्य मोकळं झालं. 'तापमान' फार झालं तिथे 'उष्णता' घातली.
बायकोला दाखवलं. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिचं वाक्य बरोबरच्या चिन्हाने संपतं. म्हणाली की शास्त्रात एका गोष्टीला एकच शब्द लागतो, वजन वेगळं आणि वस्तुमान वेगळं, ज्याचं त्याला विचारून करा. मी म्हटलं, विचारून केलं तर त्याला संपादन म्हणत नाहीत, हमाली म्हणतात. त्यावर ती वह्या तपासायला बसली. गाढवापुढे वाचली गीता.

२८ जानेवारी
ढेकळाचं शुद्धलेखन म्हणजे आनंद आहे. 'हेक्टरी १२० किलो नत्र' असं लिहिलंय. 'नेत्र' म्हणायचंय बिचाऱ्याला, मात्रा द्यायला विसरला. एकदा नाही, चौतीस वेळा विसरला! क्षणभर वाटलं, गव्हाला डोळे कसले? पण बटाट्याला डोळे असतात, उसाला असतात, एवढं शेतीज्ञान मलाही आहे. गव्हालाही असतील. पुढे 'स्फुरद' असा एक शब्द आहे. असा शब्दच नाही. 'स्फुरण' केलं. 'पालाश'चं 'पलाश' केलं, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ. म्हणजे हेक्टरी एकशेवीस किलो नेत्र, साठ किलो स्फुरण, चाळीस किलो पलाश. आता कसं कानाला गोड लागतं!
फोन करून विचारावं असं एकदा मनात आलं. पण मग तो म्हणेल, सरांना विचारावं लागलं. विचारलं नाही.

३ फेब्रुवारी
संगणकात एक सोय सापडली. एक शब्द लिहायचा, दुसरा लिहायचा, बटण दाबायचं, सगळीकडे बदल. एवढी वर्षं ही गोष्ट माझ्यापासून कोणी लपवली?
ॲसिडबाईच्या लेखात 'हवा' बासष्ट वेळा होतं. 'पवन' केलं. ढेकळाचं 'पाणी' एकेक बदलत बसलो होतो, आता सरसकट 'जीवन' करून टाकलं. सगळीकडे तोच शब्द म्हणजे पुन्हा पुनरुक्तीच, पण निदान सुंदर पुनरुक्ती. अर्ध्या तासात दोन शास्त्रं साहित्यात आणली.
संकल्प क्र. २ उद्यापासून. आज पाठ धरली आहे, बसून बसून.

९ फेब्रुवारी
ॲसिडबाई प्रूफं मागत होती. दिली नाहीत. प्रूफं दाखवली की माणसाला स्वतःच्या चुका दिसू लागतात आणि मग तो दुसऱ्याच्याही शोधतो. ढेकळही दारात घुटमळला. वेळ नाही, म्हटलं. गेला मुकाट्याने. हा गुण मात्र त्याच्यात आहे.
माझा लेख आज पूर्ण झाला. 'बीज, अणू आणि अक्षर: एका अद्वैताचा शोध.' सोळा पानं. अंकाच्या बरोब्बर मध्यभागी, पान ८१ ते ९६. देव गाभाऱ्यातच असायचा, दारात नाही. बाकीचे तिघे म्हणजे आजूबाजूची ओसरी.

१६ फेब्रुवारी, दुपारी १२
छापखानेवाल्याचा फोन. म्हणतो की सर, 'हा प्रयोग तीन वेळा करायला पवन' असं आहे, असंच जाऊ द्यायचं का? त्याचा सूर आवडला नाही. तुम्ही शाई बघा, शब्द मी बघतो, असं सुनावलं. फोन ठेवल्यावर जरा चुटपुट लागली. पण पुन्हा फोन केला असता तर तो चढून बसला असता. या लोकांना एकदा डोक्यावर घेतलं की मिऱ्या वाटतात.

२ मार्च
अंक आला! दोनशे प्रती. मुखपृष्ठावर माझं नाव, आत माझं नाव, संपादकीयाखाली माझं नाव आणि सही. संपादकीय दोनदा वाचलं. बाकी काही उघडलं नाही, दृष्ट लागेल.
एक प्रत बायकोला सही करून दिली. तिने ती कपाटावर ठेवली. वर, धूळ बसते तिथे.

५ मार्च
वाटप. समितीच्या तिघांना प्रती रवाना. ग्रंथपालाने माझ्या लेखाबद्दल 'सखोल' असा शब्द वापरला. या इमारतीत वाचणारा माणूस तो एकच.
केंद्राच्या दारावरच्या पाटीचा मजकूर लिहून ठेवला. चार ओळी. दोनमध्ये बसत नाही माझं.

९ मार्च
ढेकळ आला. बूट पुसून आला होता, ते मला आवडलं नाही. त्याने अंक उघडून टेबलावर ठेवला आणि शांतपणे सांगितलं की सर, नत्र म्हणजे नायट्रोजन. स्फुरद म्हणजे फॉस्फरस. पालाश म्हणजे पोटॅश. खताच्या पोत्यावर लिहिलेलं असतं. पोरंसोरं वाचतात.
मी म्हटलं, वाचकाला संदर्भाने कळेल. त्याने एक वाक्य वाचून दाखवलं: 'पेरणीनंतर एकविसाव्या दिवशी गव्हाला पहिले जीवन द्यावे व सोबत उरलेले नेत्र द्यावेत.' मग म्हणाला की चार वर्षं चिखलात उभा होतो, सर. मला वाटलं होतं तो भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. तो अंक तसाच टाकून गेला.
भाबडा आहे. दोन दिवसांत विसरेल.

११ मार्च
विसरला नाही. लंबकही येऊन गेला. वजन आणि वस्तुमान, उष्णता आणि तापमान, पाऊण तास झुलत होता. बायकोने त्याला आधीच फितवलेलं दिसतंय, शब्दन्शब्द तेच.
मधल्या सुट्टीत ॲसिडबाई स्टाफरूममध्ये उभी राहून वाचत होती: 'नमुना कोरडा असायला पवन. काचेला तडा नसायला पवन. पवनमान खात्याचे आकडे सोबत जोडले आहेत.' सगळे टेबलं बडवत होते. शिपाईसुद्धा हसला. मी दारात होतो. कोणी थांबलं नाही.
चूक संगणकाची आहे. 'हवा' म्हणजे वारा की 'पाहिजे', हे ज्या यंत्राला कळत नाही ते बनवणाऱ्या शास्त्रज्ञांनीच मला हसावं? नाचता येईना अंगण वाकडे. मला लाज वाटली. ही ओळ नंतर खोडायची आहे.

१५ मार्च
समिती आली. तिघांपैकी एक म्हातारा शेतीशास्त्रज्ञ, कानात यंत्र. त्याने मला विचारलं की गव्हाला डोळे नेमके कुठे असतात? मी अंतर्दृष्टीच्या अंगाने उत्तर दिलं. सहा-सात मिनिटं बोललो. उत्तम बोललो. त्याने कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.
प्राचार्य खिडकीबाहेर बघत होते. भारावले असावेत.

१८ मार्च
संचालक: ॲसिडबाई.
प्राचार्यांनी या वेळी थेट सांगितलं. म्हणजे येतं त्यांना थेट बोलता! ढेकळाच्या बढतीची फाइल अडकली, समितीने त्याला दुरुस्त छापील लेख घेऊन पुन्हा यायला सांगितलंय. म्हणून मी तातडीने शुद्धिपत्र काढायचं. प्रत्येकाकडून दुरुस्त्या मागवायच्या आणि जशाच्या तशा छापायच्या. 'जशाच्या तशा' हे त्यांनी दोनदा म्हटलं. पुनरुक्ती.
ढेकळाला भेटून काही बोलावं असं वाटतं. काय ते सुचत नाही. शब्दांचा माणूस मी.

२ एप्रिल
दुरुस्त्या आल्या. लंबक: नऊ पानं. ॲसिडबाई: चौदा, वर लाल शाईत. ढेकळ: एकवीस पानं, सुबक अक्षरात, खाली 'आपला नम्र'. ते 'नम्र' मला झोंबलं.
माझ्या लेखाला: शून्य. अख्ख्या कॉलेजात एकालाही, त्या कानात यंत्रवाल्याला, त्या लाल शाईवालीलासुद्धा माझ्या सोळा पानांत बोट ठेवायला जागा सापडली नाही! हे आधी लक्षातच आलं नव्हतं. प्राचार्यांना पत्र लिहायला घेतलं: 'संपूर्ण अंकात निर्दोष लेख एकच असून, संचालकपदाचा फेरविचार...' उद्या स्वतः नेऊन देणार. संचालक काय, सहा महिन्यांत बदलता येतो.

३ एप्रिल, सकाळी १०
पत्रात एक उतारा घालावा म्हणून ऑफिसातली प्रत उघडली. पान ८१ वरून पुढे जाता येईना. पानं कडेला एकमेकांना जोडलेली. कापलेलीच नाहीत. सोळाच्या सोळा.
दुसरी प्रत. तीच गत.

१०:४०
ग्रंथालयातल्या पाच प्रती पाहिल्या. जोडलेल्या. ग्रंथपालाची स्वतःची प्रत मागितली. तीही. त्याला म्हटलं, सखोल? तो म्हणाला की सर, नाव वाचलं होतं.

११:३०
प्राचार्यांची प्रत: जोडलेली. समितीने परत पाठवलेल्या तीन: जोडलेल्या. ॲसिडबाईने न विचारता तिची पुढे केली. तिला कळलं होतं मी काय शोधतोय. हसली नाही. हसायला हवं होतं तिने.
छापखान्यात फोन केला. तो म्हणतो की सर, तो सोळा पानांचा एक फर्मा कटिंगला आत सरकला असणार, कडा कापायच्या राहिल्या, दोनशेच्या दोनशे. पण महिना झाला, एकाचीही तक्रार नाही, मग मी काय समजू?

दुपारी ४
घरी. बायको शाळेत. कपाटावरची प्रत काढली, धूळ झाडली. जोडलेली.
स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि टेबलाशी बसून एकेक पान कापलं, कड न फाटू देता. मग खुर्ची उजेडाकडे घेतली आणि पहिल्यापासून वाचायला लागलो.
दुसऱ्या पानाच्या मध्यावर मीही थांबलो.