त्रिशलाच्या तारखेवर सुकेशनी

दि. ११ जुलै २०२५

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
श्री धनराज स्मृती धर्मादाय रुग्णालय, वाशिम

विषय : कै. कु. त्रिशला हिच्या नावची मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीची तारीख कु. सुकेशनी हिला मिळणेबाबत.
संदर्भ : तपासणी खिडकीवर झालेले तोंडी बोलणे.

महोदय,

१. अर्जदार अमृतलाल संगई यांचे मालेगावात कापडाचे दुकान आहे. त्यांची मुलगी त्रिशला हिला जन्मापासून थॅलेसेमिया. प्लीहा लहानपणीच काढलेली, रक्त नेमाने चढत असे. गेल्या दिवाळीत मेंदी काढताना तिच्या हातातून कोन गळाला, जीभ जड झाली. घटकाभरात ती पूर्ववत झाली. घरच्यांना वाटले, रक्त कमी झाले असेल. डॉक्टरांनी मात्र सांगितले, की या आजारात, त्यातून प्लीहा काढलेली असल्यास, रक्ताची गुठळी मेंदूत अडकू शकते. रक्तवाहिन्या तपासून घ्या. आपल्याकडे येत्या मंगळवारची तारीख मिळाली. त्याआधीच दुसरा झटका आला. तिची वाचा गेली, उजवे अंग गेले, मग त्रिशला गेली.

२. रक्त घेताना शेजारच्या खाटेवर सुकेशनी असे, कामरगावजवळच्या वस्तीवरची. तिचीही प्लीहा काढलेली आहे. त्रिशला तिला मेंदी शिकवी. सुकेशनीची आई चंदाबाई दुखवट्याला बसायला आली, तेव्हा जाता जाता म्हणाली, “भाऊ, आमच्या पोरीचं तोंड मांगं वाकडं झालतं. मंग आपोआप सरळ झालं. थकली असन म्हनून आमी चूप राह्यलो.” अर्जदाराने तिला उंबऱ्यावरच थांबवून त्रिशलाचा पहिला झटका सांगितला.

३. दुसऱ्याच दिवशी अर्जदार सुकेशनीला घेऊन खिडकीवर आले. तारीख दुसऱ्याच्या नावे होत नाही व रद्द करण्यासही रुग्ण समक्ष हवा, असे सांगण्यात आले. मृत्यूचा दाखला दाखवला असता, तो या खिडकीवर चालत नाही, असे उत्तर मिळाले. सुकेशनीस दिवाळीनंतरची तारीख मिळाली.

४. काल त्रिशलाच्या नावे मोबाइलवर सूचना आली, की येताना रुग्णाच्या अंगावरील दागिने काढून ठेवावेत. अर्जदाराच्या पत्नी राजमती यांनी ती वाचली. मुलीच्या कानांतले त्यांनीच शेवटचे काढले होते. “आता काय काढायचं राह्यलं?” एवढेच त्या म्हणाल्या.

५. तरी महोदय, अर्जदार मंगळवारी सुकेशनीला घेऊन येत आहेत. त्रिशलाचे नाव पुकारले, की उठून उभी राहा, असे तिला सांगितले आहे. आत गेल्यावर ती स्वतःचे नाव सांगेल. तेव्हा तिला परत पाठवू नये, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र,
अमृतलाल हिरासाव संगई
मालेगाव, जि. वाशिम

सोबत : मृत्यूचा दाखला, सुकेशनीच्या डॉक्टरांची चिठ्ठी.