कॅसलिंगच्या पाच अटी

सोमवार, ३ जून
सासरे आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तीन आठवडे मुक्काम. बॅगेतून औषधांच्या आधी बुद्धिबळाचा पट निघाला. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस, स्वल्पविरामापलीकडे काय कळणार? त्यात एक डोळा झाकलेला. ठरवलं, हरवायचं, पण सांभाळून.

मंगळवार, ४ जून
जिंकलो. सासऱ्यांनी कॅसलिंगसाठी राजा दोन घरं सरकवला, हत्ती उचलून त्याच्या पलीकडे ठेवला. मी थांबवलं. सहाव्या चालीला मी शह दिला होता, त्यांनी मध्ये उंट घातला होता. एकदा शह बसला की त्या डावात कॅसलिंग बंद, हे शेंबडं पोरही सांगेल. एका डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिले. मग 'बरं' म्हणाले आणि दोन्ही मोहरे जागेवर ठेवले.

शनिवार, ८ जून
पाच डाव, पाच विजय. आज त्यांच्या हत्तीवर माझ्या उंटाचा मारा, तरी निघाले कॅसलिंगला! चालत नाही म्हटलं. बरं म्हणाले. पुढे माझ्याच राजाला शह बसला, तेव्हा मी कॅसलिंग करून सटकलो. अडचणीतून राजा काढायचा, त्यासाठीच तर ही चाल आहे. तेव्हाही बरं. या माणसाला स्वतःचं मत म्हणून नाहीच.
ही स्वयंपाकघरात हसत होती. विचारलं तर म्हणे, रेडिओवर काहीतरी चाललंय. रेडिओ बंद होता.

बुधवार, १२ जून
ऑफिसात स्पर्धा. साहेबांनी विचारलं, नियम कुणाला येतात? आमच्या मीटर तपासणी विभागानं माना खाली घातल्या. दिवसभर वीज मोजतात, डोक्यात उजेड शून्य. पंच अर्थात मी. 'कॅसलिंगच्या पाच अटी' असा कागद टाइप करून टेस्टिंग रूमच्या दारावर डकवला. चारांनंतर पाचवी सुचेना, म्हणून 'पंचांचा निर्णय अंतिम राहील'.
संकल्प: कुणाचीही गय करायची नाही.

शुक्रवार, १४ जून
फायनल. सोल्डरिंगवाल्या बाई विरुद्ध स्टोअरकीपर. बाईंनी वजिराच्या बाजूला कॅसलिंग केलं. हत्ती ज्या घरावरून गेला, त्या घरावर मारा! अट क्रमांक तीन. बाई बाद. त्या म्हणाल्या, राजाच्या वाटेवर मारा नको, हत्तीच्या वाटेवर चालतो. मी म्हटलं, तुम्ही आपल्या तारा जोडा. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. पर्स उचलून थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.
खिलाडूपणा कशाशी खातात, माहीत नाही यांना.

सोमवार, १७ जून
साहेबांनी नियमांचं पुस्तक मागवलं. सगळ्यांसमोर मला मोठ्यानं वाचायला लावलं. आधी शह बसून गेला असला तरी कॅसलिंग चालतं. हत्तीवर मारा असला तरी चालतं. वजिराच्या बाजूला हत्तीच्या वाटेवर मारा असला तरी चालतं. राजा शहात असताना मात्र चालत नाही. म्हणजे चार अटी चुकल्या. पाचवी साहेबांनी स्वतःच्या पेनानं खोडली.
पुस्तकाचं बाइंडिंग सुमार आहे.
बाईंची माफी मागायला लावली. मागितली. मग दारावरचा कागद काढला, पण ते टेपचा डाग पडू नये म्हणून.

मंगळवार, १८ जून
सासऱ्यांना सहज म्हणून विचारलं, नियम ठाऊक होते का? होते म्हणे. मग बोलला का नाहीत? ते हिच्याकडे बघायला लागले. हिनंच त्यांना सांगितलं होतं: बाबा, यांना जिंकू द्या, हरले की जेवताना तोंड पाडून बसतात, आणि तुम्हाला इथं तीन आठवडे काढायचेत.
म्हटलं, आता खरं खेळा. सतरा चालींत मात. पुन्हा मांडला. बारा चालींत.
जेवलो नाही. भूक नव्हती.

रविवार, २३ जून
सासरे उद्या निघणार. दुपारी पट मांडला, मी खुर्ची ओढली. ते म्हणाले, आज हिच्याशी. मला हसू आलं. ही हात पुसत आली आणि माझ्याच खुर्चीत बसली.
सहावीत असल्यापासून खेळते म्हणे. मग लग्नाच्या अकरा वर्षांत बोलली कशी नाहीस? पटावरची नजर न काढता म्हणाली, "लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आपण एक डाव मांडला होता. तुम्ही माझं कॅसलिंग परत फिरवलंत. मग मी नाद सोडला."
असं काही झाल्याचं मला आठवत नाही.
पंधराव्या चालीला हिच्या हत्तीवर मारा होता. हिनं कॅसलिंग केलं. माझं तोंड उघडलं. मिटलं. सासरे, ज्यांनी मला बारा चालींत गुंडाळलं, ते हनुवटी धरून पाच मिनिटं विचार करत होते.
चहा ठेवायला उठलो. साखर कुठे असते ते विचारायला दोनदा दाराशी गेलो. दोघांनीही मान वर केली नाही.
बिनसाखरेचा प्यालो. मला असाच आवडतो.